शनिवारी थांबलेला घाणा

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून मोजकीच माणसे वाचली आणि तेच आपले पूर्वज, अशी बेने इस्रायली समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. या लोकांनी उपजीविकेसाठी तेलाचा घाणा धरला, गावाची मराठी आपली मानली आणि रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी गावांचीच आडनावे लावली. शनिवारी मात्र त्यांचा घाणा फिरत नसे. सहा दिवसांच्याच कमाईवर संसार करणाऱ्या या समाजाला शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आठवड्यातील एका दिवसाचे उत्पन्न सोडून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली ओळख राखली.

१९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे धर्म सर्वांचा होता. जपावयाची होती ती मराठी. पोहे-नारळाचा मलिदा त्यांनी तेथेही केला, मराठी कीर्तने केली, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक काढले. तरीही नातवंडांची बोली आता हिब्रू झाली आहे.

व्यापारी कुटुंबांतील मुलेही आज दूरदेशी स्थिरावत आहेत. त्यांच्यासाठी पैसा, पेढी, घर यांची तरतूद होते. परंतु घराचा नियम आणि घरची भाषा मृत्युपत्राने देता येत नाहीत. वडीलधाऱ्यांनी त्यांसाठी काही मिळकत सोडलेली मुलांनी पाहिली, तरच त्यांचे मोल मुलांना कळते.