शाल-श्रीफळाने न फिटणारे ऋण

19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळचा 78-40 असा पराभव केला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्यापूर्वी 2020 मध्ये याच जिल्ह्यातील सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. दुष्काळ, कर्जबाजारी शेती आणि स्थलांतर यांसाठीच ज्या जिल्ह्याचे नाव एरवी वर्तमानपत्रांत येते, त्याने एका देशी खेळात एवढी उंची गाठावी ही गोष्ट कौतुकाची खरीच. परंतु कौतुकाचे हार सुकल्यानंतर एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे: या यशाचा खर्च कोणी केला?

सारिका काळे यांनी स्वतःची हकिकत पुरस्काराच्या वेळी जाहीरपणे सांगितली आहे. खो-खो खेळलेल्या एका नातलगाने वयाच्या तेराव्या वर्षी त्यांना मैदानावर नेले. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे फारसे कमावता येत नव्हते, आई शिवणकाम करीत असे. घराचा सारा भार आजी-आजोबांच्या कमाईवर होता. सुमारे दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळे. बरे अन्न ताटात पडे ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. 2016 मध्ये, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व केले त्याच वर्षी, घरच्या विवंचनेने त्यांनी खेळ सोडण्याचे ठरविले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. या हकिकतीत शासन भेटते ते पुरस्काराच्या दिवशी. तोवरचा रस्ता पार करून दिला तो वडीलधाऱ्यांनी; काही घरातल्या, काही मैदानावरच्या.

ही गोष्ट एका खेळाडूची नाही. मांजरेकाठचे कळंब घ्या, किंवा त्या तालुक्यातील कोणतेही मोठे गाव घ्या. खो-खोचे मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते. तेवढी जागा सपाट करायची, खडे वेचायचे, पाणी मारायचे, दोन खांब रोवायचे, दोरी धरून फक्कीने रेषा आखायच्या. आणि पावसाळा संपला की हे सारे पुन्हा पहिल्यापासून करायचे. हे काम बहुधा कोणाच्या नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. ते करणारा माणूस म्हणजे निवृत्त शिक्षक, एस. टी.तून निवृत्त झालेला वाहक किंवा एकेकाळी जिल्ह्याकडून खेळलेला व आता साठी उलटलेला शेतकरी. शिट्टी त्याच्या गळ्यात, गुणपत्रक त्याच्या पिशवीत, जन्मतारखेच्या दाखल्यांची चळतही त्याच्याच घरी.

याहून मोठे एक काम तो करतो आणि ते कोठेच नोंदले जात नाही. मुलीला परगावी स्पर्धेला पाठवायचे की नाही, हा प्रश्न गावात अजून अवघड आहे. “सर बरोबर आहेत”, “बाई बरोबर आहेत” एवढ्या दोन शब्दांवर आई-वडील होकार देतात. हा विश्वास तीस-चाळीस वर्षांच्या वागणुकीतून साठलेला असतो; तो निविदा काढून विकत घेता येत नाही.

अर्थशास्त्राला या श्रमाची फारशी दखल नाही. पगार दिला तर तो राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो. तेच काम फुकट केले की हिशेबातून नाहीसे होते. 2013 मध्ये श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वयंसेवी कामालाही ‘काम’ म्हणून मान्यता दिली, आणि आपल्याकडे 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन स्वयंसेवेचे तास विचारले गेले. मोजणीची ही सुरुवात स्वागतार्ह आहे. पण अर्थसंकल्पापर्यंत ती पोचलेली नाही. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘खेलो इंडिया’साठी 1,000 कोटी रुपये दाखविले गेले. अर्जुन पुरस्कार 1961 पासून खेळाडूला आणि द्रोणाचार्य पुरस्कार 1985 पासून प्रशिक्षकाला मिळतो. मैदान आखणारा दोहोंतही बसत नाही. त्याला शासनाकडून मिळते ती प्रवासातील सवलत: 65 पासून एस. टी.चे अर्धे तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडल्यास मोफत प्रवास. तीही त्याच्या वयाची आहे, कामाची नव्हे.

ही व्यवस्था इतकी वर्षे चालली कशी? याचे एक उत्तर निवृत्तिवेतनात आहे. महिन्याच्या महिन्याला हमखास रक्कम हाती येणारा शिक्षक संध्याकाळचे दोन तास मुलांना देऊ शकत होता. म्हणजे शासनाने एका खात्यातून दिलेले निवृत्तिवेतन दुसऱ्या खात्याचे, क्रीडेचे, काम निमूटपणे चालवीत होते. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमलेल्या कर्मचाऱ्यांना ती जुनी योजना राहिली नाही. मार्च 2023 च्या संपाने हा प्रश्न ऐरणीवर आला आणि पुढे काही सुधारणाही मान्य झाल्या. परंतु शाळेतील शारीरिक शिक्षणाची स्थिती पाहावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तेथेच या विषयाला निदेशक देऊ केला, तोही अंशकालीन. लहान गावच्या शाळेला तोही नाही. स्वतःच्याच उपजीविकेची शाश्वती नसलेला निदेशक साठीनंतर गावाला फुकट वेळ कोठून देणार? आजचे ज्येष्ठ थकतील तेव्हा त्यांच्या जागी येणारी पिढी आपण घडविलेलीच नाही, हे या प्रश्नातील खरे भय आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. सेवेला दाम लावला तर तिच्यातील सेवा उरेल काय? ब्रिटिश विचारवंत रिचर्ड टिटमस यांनी 1970 मध्ये रक्तदानावरील ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता: विकत घेऊ लागले की देण्याची वृत्ती आटते. तो मान्य करूनही दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सेवेचे मोल घेऊ नये हे खरे. पण सेवा करणाऱ्याच्या खिशाला चाट बसू नये हेही तितकेच खरे. फक्कीचे पोते, मलमपट्टी, मुलींचा नाश्ता हा खर्च म्हाताऱ्याच्या निवृत्तिवेतनातून निघत असेल, तर त्याला त्याग म्हणून गौरविणे ही समाजाची सोयीस्कर लबाडी आहे. त्यागाची स्तुती पुष्कळदा शासनाच्या अंगचोरपणावर पांघरूण घालण्यासाठीच केली जाते.

ज्येष्ठांच्या बाजूनेही थोडे परखड बोलावे लागेल. वय म्हणजे मक्तेदारी नव्हे. अनेक क्रीडा संघटनांत खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या रिकाम्या होत नाहीत, आणि मैदानावर राबणारे हात व खुर्ची उबविणारे लोक बहुधा वेगळे असतात. जुन्या प्रशिक्षणपद्धती चिकटून राहतात. मुलींच्या सुरक्षिततेचा विचार केवळ भरवशावर सोडला जातो. विश्वासाला नियमांची जोड दिल्याने विश्वास कमी होत नाही, उलट टिकतो. स्वयंपाकघर सांभाळून, मुलींबरोबर परगावी जाऊन रात्री जागणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांची नावे तर सत्कारांच्या यादीतही क्वचितच येतात. त्यांना समित्यांत जागा मिळाली पाहिजे.

मग कृतज्ञता म्हणजे काय? 29 ऑगस्टच्या क्रीडादिनी शाल, श्रीफळ आणि दोन भाषणे यांत ती संपू नये. कळंबच्या नगरपरिषदेने आणि तालुक्यातील ग्रामपंचायतींनी मैदान राखणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. त्यांना अपघात विमा, प्रत्यक्ष खर्चाची भरपाई आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी द्यावी. मैदानाची जागा बांधकामाला देण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकावे. आणि प्रत्येक ज्येष्ठाबरोबर एक तरुण, शक्यतो एक तरुणी, मानधनावर नेमावी. म्हणजे चाळीस वर्षांचा अनुभव त्याच्याबरोबर चितेवर जाणार नाही. यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

वृद्धापकाळी माणसाला दया नको असते, आपले काम पुढे चालेल याची खात्री हवी असते. उद्या सकाळी एखादा म्हातारा वाकून फक्कीची रेघ ओढत असेल, तेव्हा दोरीचे दुसरे टोक धरायला कोणी तरी असावे. त्याच्या कामाची खरी कदर त्या दुसऱ्या टोकाशी आहे.