जवळा बाजारमध्ये घर बांधताना तपासणी कोण करते? सोप्या झालेल्या परवानगीमागचा अवघड प्रश्न

10 जुलै 2024. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. तीव्रता होती 4.5 आणि केंद्र होते कळमनुरी तालुक्यात. हादरे शेजारच्या नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही जाणवले. त्याआधी 21 मार्च 2024 रोजी पहाटे सहाच्या सुमारास याच पट्ट्यात काही मिनिटांच्या अंतराने 4.5 आणि 3.6 तीव्रतेचे दोन धक्के बसले होते.

मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनाने लोकांना एक साधे आवाहन केले: पत्रे उडू नयेत म्हणून घरावर ठेवलेले दगड काढून घ्या. जवळा बाजार असो, औंढा नागनाथ असो की वसमत, असे दगड ठेवलेली घरे इथे जागोजागी दिसतात. धक्का लहान असला तरी डोक्यावरचा दगड लहान नसतो.

हे दगड घरातल्या माणसाला दिसतात आणि काढताही येतात. नवीन बांधकामात जे भिंतीच्या आणि कॉलमच्या आत गाडले जाते, ते मात्र नंतर दिसत नाही. ते कोण तपासते?

नियमात काय बदल झाला?

डिसेंबर 2020 मध्ये राज्यात ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू झाली. बृहन्मुंबई आणि काही विशेष प्राधिकरणांचे क्षेत्र वगळता जवळपास सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच नियमावली आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तोवर शहरा-शहरांचे नियम वेगळे होते.

याच नियमावलीच्या आधारे 2021 च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागासाठी परवानगीची पद्धत सोपी केली. ती ढोबळमानाने अशी:

150 चौरस मीटरपर्यंतचा (सुमारे 1,600 चौरस फूट) भूखंड: वेगळ्या परवानगीची गरज नाही. मालकीची कागदपत्रे, जागेचा आणि इमारतीचा नकाशा, नकाशे नियमावलीनुसार असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि विकास शुल्क भरल्याची पावती ग्रामपंचायतीकडे द्यायची.

150 ते 300 चौरस मीटर (सुमारे 3,200 चौरस फुटांपर्यंत): हीच कागदपत्रे ग्रामपंचायतीकडे द्यायची. शुल्क भरल्यावर 10 दिवसांत बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र मिळणे अपेक्षित.

300 चौरस मीटरच्या पुढे: नगररचना विभागाची परवानगी आवश्यक.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज म्हणजे ‘1,600 फुटांपर्यंत काहीच लागत नाही.’ परवानगीचा टप्पा कमी झाला, नियम कमी झाले नाहीत. कागदपत्रे द्यावीच लागतात. मोकळी जागा, उंची आणि मजल्यांच्या मर्यादाही लागू राहतात. शिवाय ही मर्यादा भूखंडाची आहे, बांधकामाच्या क्षेत्रफळाची नाही. मोठ्या भूखंडावर लहान घर बांधले म्हणून ते आपोआप या सवलतीत बसत नाही. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर तर आधी जमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न सोडवावा लागतो.

दुसरा गैरसमज म्हणजे ‘नमुना 8 चा उतारा म्हणजे मालकी.’ हा उतारा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीतला असतो. कोणाकडून घरपट्टी घ्यायची, हे तो सांगतो. मालकी ठरवण्यासाठी तो पुरेसा नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच अडचणीमुळे.

मग तपासणी होते कुठे?

या पद्धतीचा पाया विश्वासावर आहे. अभियंता सही करतो, ग्रामपंचायत कागद पाहते. ग्रामसेवक हा स्थापत्य अभियंता नसतो. कॉलममध्ये किती गज पडले, रिंगा किती अंतरावर बांधल्या, हे तपासणे त्याच्याकडून अपेक्षितही नाही.

यात एक विसंगती दिसते. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या 25 चौरस मीटरच्या घरकुलाला टप्प्याटप्प्याने फोटो काढावे लागतात. फोटोत ठिकाणाची नोंद असते आणि त्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. त्याच गल्लीत कोणी स्वतःच्या पैशाने दोन मजले चढवले, तर तिथे कोणी फिरकेलच असे नाही. अर्थात घरकुलाचा फोटोही मुख्यतः काम किती झाले ते सांगतो. ते किती मजबूत आहे, हे त्यातून कळत नाही.

नियमावली बांधकामाची मजबुती राष्ट्रीय इमारत संहिता आणि भारतीय मानकांशी जोडते. पण मानक पुस्तकात असते आणि काम मिस्त्रीच्या हातात. मधला दुवा म्हणजे सही करणारा अभियंता. तो नकाशापुरताच राहिला, तर दुवा तुटतो.

किल्लारीने काय शिकवले?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्याची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. म्हणजे 4.5 च्या धक्क्यापेक्षा त्यात सुमारे साडेतीनशे पट अधिक ऊर्जा बाहेर पडली. तरीही इतके मृत्यू केवळ जमीन हलल्याने झाले नाहीत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हे झोपेतल्या माणसांवर कोसळले.

आज माळवद कमी झाले, स्लॅब आले. पण कच्च्या कामाचा स्लॅब माळवदापेक्षा दयाळू नसतो. नंतर चढवलेला मजला, ज्यासाठी पाया कधी काढलाच नव्हता, तो तर अधिक धोक्याचा.

सरकारी माणूस येणार नसेल, तर काय पाहावे?

काही गोष्टी झाकल्या जाण्याआधी पाहता येतात आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवता येतात.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया ती माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत गेला आहे का, हे खड्डा बुजण्याआधी पाहावे. विटांच्या भिंतींच्या घरात जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा असेल, तर धक्क्यात भिंती एकमेकींना धरून राहतात. रिंगांची टोके गजाभोवती आत वळवलेली असावीत. नुसती काटकोनात दुमडलेली टोके हादऱ्यात उघडतात. आणि काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मिळायला हवे. फ्लाय अ‍ॅशसारखे मिश्रण असलेल्या सिमेंटला दहा दिवस. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात उन्हाळ्यात स्लॅब टाकताना हा हिशेब आधीच करावा लागतो.

ज्या अभियंत्याची सही घेतली, त्याला पाया, जोते आणि स्लॅबच्या वेळी जागेवर बोलावणे, हीच या व्यवस्थेतली खरी तपासणी. त्यासाठीची फी घराच्या खर्चात लहान असते.

परवानगी सोपी झाली, हे चांगलेच झाले. एका शिक्क्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी घातलेले हेलपाटे वाचले. पण शिक्क्यासोबत बांधकाम पाहणारा डोळाही गेला असेल, तर त्या जागी दुसरा आणावा लागेल. ग्रामपंचायतींना तालुका पातळीवरचे अभियंते उपलब्ध करून देणे आणि मिस्त्रींना प्रशिक्षण देणे सरकारच्या हातात आहे. ते होईपर्यंत हे काम घरमालकावरच येऊन पडते.