नऊ पौंड पंधरा पेन्सचा शर्ट आणि ‘मुक्या इंग्रजी’चे मिथक

चीनमध्ये गाओकाओ, म्हणजे बारावीनंतरची महाविद्यालय-प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, दिलेल्या कोणत्याही तरुणाला एका शर्टाची किंमत विचारावी. उत्तर तत्काळ येईल : नऊ पौंड पंधरा पेन्स. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत श्रवणविभागाच्या आरंभी नमुन्यादाखल एक सोडवलेला प्रश्न छापतात, आणि वर्षानुवर्षे तो हाच राहिला आहे. जगात महागाई कितीही वाढो, हा शर्ट काही महागत नाही, अशी थट्टा तिकडची मुलेच करतात.

या थट्टेच्या आसपास एक गंभीर चेहऱ्याची कथाही फिरत असते. चिनी विद्यार्थी इंग्रजी वाचतो, पण त्याला ती ऐकून कळत नाही आणि बोलता येत नाही. या अवस्थेला चिनी भाषेतच ‘याबा यिंग्यू’, म्हणजे ‘मुकी इंग्रजी’, असे नाव आहे. इथपर्यंत ठीक. पुढे कथा कारण सांगते : तेराशे वर्षांची केजू ही राजसेवा-परीक्षा, कन्फ्यूशियसच्या ग्रंथांची घोकंपट्टी आणि चिन्हलिपीवर पोसलेला डोळा. इतिहासप्रेमींना ही कथा फार आवडते, कारण तिच्यात एका दमात तांग राजवंशापासून आजच्या परीक्षागृहापर्यंत येता येते. ती चुकीची आहे. शिवाय ज्यांनी निर्णय घेतले त्या सर्वांना ती निर्दोष सोडते, आणि हा तिचा अधिक मोठा दोष होय.

मोह का पडतो ते आधी पाहावे. तांग काळात ‘टिएजिंग’ नावाचा एक परीक्षाप्रकार होता. अभिजात ग्रंथातील एक ओळ उघडी ठेवायची, तिच्यातील काही अक्षरांवर कागदाचे तुकडे चिकटवायचे आणि झाकलेली अक्षरे उमेदवाराने सांगायची. आजच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेतील ‘उताऱ्यातील गाळलेले शब्द भरा’ हा प्रश्न पाहिला की मन लगेच पूल बांधते. सोंग काळात तर उमेदवाराचे नाव झाकत, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून लेखनिकांकडून संपूर्ण उत्तरपत्रिकेची नक्कल करून घेत. परीक्षकाला मूळ उत्तरपत्रिका दिसतच नसे. यंत्राने तपासल्या जाणाऱ्या आजच्या उत्तरपत्रिकेची ही आजी वाटावी, असे साम्य आहे.

पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. केजू १९०५ मध्ये बंद झाली, आणि तिच्यात इंग्रजी कधीच नव्हती. इंग्रजी सरकारी शिक्षणात शिरली ती दुसऱ्याच दाराने. १८५८ च्या तिएन्जिन तहात ब्रिटनने एक कलम घालून घेतले : दोन पाठांच्या अर्थात फरक पडल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जाईल. पराभूत दरबाराला प्रतिपक्षाचा कागद स्वतः वाचता येणे ही तातडीची गरज झाली, आणि १८६२ मध्ये बीजिंगमध्ये तोंगवेन ग्वान ही दुभाष्यांची शाळा निघाली. पहिले विद्यार्थी मांचू ‘बॅनर’ घराण्यांतील मोजकी मुले होती. वाचून समजण्याला जे प्राधान्य मिळाले त्यामागे तोफा आणि तह होते. कन्फ्यूशियसचा त्यात हात नव्हता.

१९४९ नंतर रशियन ही पहिली परकी भाषा झाली. मॉस्कोशी बिनसल्यावर १९६४ च्या सरकारी आराखड्याने तो मान इंग्रजीला दिला, आणि दोनच वर्षांत सांस्कृतिक क्रांतीने प्रवेशपरीक्षाच मोडीत काढली. त्या दशकातील एक घटना विसरता येत नाही. जुलै १९७३ मध्ये हेनान प्रांतातील माझेनफू येथील शाळेत एका किशोरवयीन मुलीने इंग्रजीचा पेपर जवळजवळ कोरा ठेवला. आपण चिनी आहोत, परकी भाषा कशाला, अशा आशयाच्या चार ओळी तिने पाठीमागे लिहिल्या. शाळेत तिची कडक निर्भर्त्सना झाली आणि तिने जीव दिला. पुढच्या वर्षी च्यांग चिंग यांच्या गटाने या मृत्यूचे देशव्यापी राजकीय हत्यार केले, आणि मुख्याध्यापक व वर्गशिक्षिका तुरुंगात गेले. शाळेतला इंग्रजीचा एक पेपर असा मृत्यू, खटला आणि मोहीम होऊ शकतो, हे पाहिलेली पिढीच पुढे परीक्षा नव्याने रचायला बसली.

१९७७ च्या हिवाळ्यात गाओकाओ पुन्हा सुरू झाली. सुमारे ५७ लाख उमेदवार बसले, प्रवेश मिळाला तो तीन लाखांहून कमी जणांना. इंग्रजी मात्र लगेच एकूण गुणांत धरली गेली नाही, कारण शिकवायला शिक्षकच नव्हते. १९८० मध्ये परकी भाषेचे ३० टक्के गुण धरले गेले, १९८१ मध्ये ५०, १९८२ मध्ये ७० आणि १९८३ मध्ये पूर्ण १००. हे आकडे नीट पाहावेत. संस्कृती अशी टक्क्याटक्क्याने चढत नाही. हा शासकीय निर्णयांचा जिना आहे आणि प्रत्येक पायरीवर तारीख कोरलेली आहे.

यानंतरच आजच्या प्रश्नपत्रिकेचा खरा पूर्वज दिसतो, आणि तो तांग दरबारात सापडत नाही. तो कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझोऊमध्ये, सापडतो. तेथील परदेशी भाषा संस्थेतील ग्वे शिचुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ग्वांगडाँग प्रांतात प्रमाणित इंग्रजी प्रवेशपरीक्षेचा प्रयोग केला. बहुपर्यायी प्रश्न, यंत्राने तपासणी, गुणांचे सांख्यिकी विश्लेषण, हे सारे अमेरिकेतील प्रमाणित चाचण्यांच्या शास्त्रातून आलेले होते. टोफेल १९६४ पासून ज्या वाटेने चालली होती, तीच ही वाट. या गटातील ली श्याओजू यांनी १९९० च्या एका लेखात हेतूही उघड मांडला : परीक्षा बदलली की वर्गातील अध्यापन बदलेल, आणि व्याकरणाच्या रट्ट्यातून भाषेच्या वापराकडे मुले वळतील. म्हणजे ज्या परीक्षेला आज घोकंपट्टीची वारसदार म्हणतात, ती घोकंपट्टी मोडण्यासाठी जन्माला आली होती.

मग बिघडले कोठे? ध्वनीपाशी.

कोट्यवधी वाचनप्रश्न छापण्यासाठी कागद आणि शाई पुरते. श्रवणासाठी ध्वनिवर्धक लागतो, वीज लागते, शांतता लागते, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही पहिल्या बाकाइतकेच स्पष्ट ऐकू यावे लागते. म्हणून अनेक वर्षे एक विलक्षण तोडगा चालला. प्रश्नपत्रिकेत काही शब्द छापायचे, त्यांतील एक अक्षर अधोरेखित करायचे, आणि कोणत्या शब्दात त्याचा उच्चार वेगळा आहे ते ओळखायला सांगायचे. ध्वनीची परीक्षा डोळ्यांनी! शब्द एकदाही न ऐकता कोष्टके पाठ करून हे गुण मिळत, आणि मिळवले गेले. शतक पालटण्याच्या सुमारास खरी श्रवणचाचणी राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत आली : १५० पैकी ३० गुण, वीस प्रश्न, सुमारे वीस मिनिटे. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे दोनदा.

वाचन आणि श्रवण ही एकाच कौशल्याची दोन नावे आहेत, असे मानणाऱ्यांनी मँडरिनचा कान कसा घडतो ते पाहावे. मँडरिनमधील अक्षर स्वरावर संपते, किंवा दोन अनुनासिकांपैकी एकावर. बोटांवर मोजण्याजोगा ‘र’चा अपवाद सोडला, तर तिसरा पर्याय नाही. इंग्रजी शब्द मात्र व्यंजनांच्या जुडग्यांवर संपतात, आणि भूतकाळ, अनेकवचन, मालकी या सगळ्यांच्या खुणा नेमक्या त्या शेपटात असतात. ‘आस्क्ट’मधला शेवटचा ‘ट’ बोलण्याच्या ओघात जेमतेम उच्चारला जातो. कागदावर तो स्पष्ट दिसतो, कानावर तो येतच नाही. त्यात मँडरिन क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, म्हणजे त्या खुणेची वाट पाहण्याची कानाला सवयच नसते. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो. ऐकताना वाक्य निघून जाते आणि पुढचे सुरू होते. ज्या मुलाने हजारो शब्द केवळ डोळ्यांनी कमावले, त्याच्यासाठी श्रवणचाचणी ही दुसऱ्याच भाषेची परीक्षा ठरते. हे दौर्बल्य सरावाने भरून निघते. त्यासाठी फक्त तास हवेत, आणि शाळा तास त्याच गोष्टीला देते जिला गुण असतात.

आता गुणांचे पाहू. काही प्रांतांनी बरीच वर्षे श्रवणाचे गुण एकूण बेरजेत धरलेच नाहीत. ग्रामीण शाळांत साधने नाहीत, म्हणून अन्याय नको, हे कारण होते. उरलेल्या १२० गुणांना १.२५ ने गुणले की १५० होतात, आणि हिशेब जुळतो. हे गुणाकाराचे चिन्ह या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके चिन्ह आहे. दऱ्याखोऱ्यांतील शाळेत ध्वनियंत्र पोहोचवणे खर्चाचे होते. गुणाकार फुकट होता. न्यायाच्या नावाने घेतलेला हा निर्णय त्या मुलांच्या बाजूचा दिसतो, आणि त्या वर्षापुरता तो तसा होताही. पण ज्या कौशल्याला गुण नाहीत त्याला तासिका नाहीत. शहरातील मूल खासगी शिकवणीत ऐकायला शिकले, गावातील शिकले नाही, आणि दोघे एकाच विद्यापीठात पोहोचल्यावर गावातल्या मुलाला कळले की आपल्याला सवलत म्हणून बहिरेपण मिळाले होते. त्याला मग कन्फ्यूशियसची गोष्ट सांगणे क्रूरपणाचे आहे.

संस्कृतीची कथा खरी असती, तर चिनी भाषिक जिथे जिथे आहेत तिथे परीक्षा सारख्याच दिसायला हव्या होत्या. हाँगकाँगची शालान्त इंग्रजी परीक्षा पाहावी. श्रवण आणि एकत्रित कौशल्यांच्या पेपरला तिथे ३० टक्के भार आहे, वाचनाच्या पेपरला २०. ध्वनिमुद्रण बहुधा रेडिओवरून ऐकवतात. विद्यार्थी ते ऐकत टिपणे घेतो, सोबतचा छापील माहितीसंच वाचतो आणि दोन्ही जुळवून पत्र किंवा अहवाल लिहितो. हाँगकाँग १९९७ पर्यंत ब्रिटिश वसाहत होते आणि इंग्रजी आजही तेथील राजभाषा आहे, म्हणून तेथील मुलांच्या निकालांची तुलना चीनच्या मुलांशी करणे गैर. प्रश्नपत्रिकांची तुलना करणे गैर नाही.

तैवानकडे वसाहतीतील इंग्रजीही नाही. उलट केजूचा वारसा कोणी खरोखर मिरवत असेल तर तैवानच : तेथील राज्यघटनेत परीक्षांसाठी ‘परीक्षा युआन’ ही शासनाची स्वतंत्र शाखाच आहे. तिथेही प्रवेशाच्या मुख्य इंग्रजी प्रश्नपत्रिकेत श्रवण नव्हते. मग २०११ पासून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी साठ मिनिटांची स्वतंत्र श्रवणचाचणी सुरू झाली. तिचा निकाल ए, बी, सी आणि एफ अशा श्रेणींत लागतो. तो बेरजेत मिसळत नाही. विद्यापीठातील विभाग हवे तर किमान श्रेणीची अट घालतात. लिपी, ग्रंथ आणि पूर्वज समान असलेल्या समाजांनी एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधली. प्रत्येक उत्तरात खोट काढता येईल, पण ‘संस्कृतीच तशी’ या वाक्याला आता जागा कोठे उरते?

हे सारे विद्वानांचे वाद नव्हेत, याची आठवण झेजियांग प्रांताने नोव्हेंबर २०१८ मध्ये करून दिली. तिथे इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येते आणि चांगले गुण धरले जातात. नोव्हेंबरचा पेपर कठीण गेला असे मानून अधिकाऱ्यांनी आकलन-वाचन आणि लेखन या भागांतील काही प्रश्नांचे गुण परीक्षेनंतर सूत्राने वाढवले. ज्यांचे श्रवण आणि व्याकरण चांगले झाले होते ती मुले पाहता पाहता मागे पडली. पालक संतापले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रांताच्या चौकशीने तो निर्णय चुकीचा ठरवला, मूळ गुण परत दिले, आणि प्रांतिक शिक्षण विभागाच्या प्रमुखाला पद गमवावे लागले.

येथे एक कटू सत्य नोंदवायला हवे. दोन वेळच्या परीक्षांची काठिण्यपातळी जुळवणे ही मागणी मुळात शास्त्रशुद्धच आहे. तसे न करता दोन प्रश्नपत्रिकांचे गुण एका यादीत मांडणे हाच खरा अन्याय. पण त्यासाठी आधी अजमावलेले, गुप्त राखलेले प्रश्न लागतात. गाओकाओची प्रश्नपत्रिका परीक्षा संपताच साऱ्या देशाच्या हाती पडते, म्हणून तिचा एकही प्रश्न पुन्हा वापरता येत नाही. गुप्तता टोफेलला परवडते. जिच्यावर देशाचा विश्वास टिकायचा आहे त्या परीक्षेला नाही. ग्वांगडाँगच्या प्रयोगाने यंत्र आणले, पण यंत्रामागील अट आणता आली नाही. झेजियांगच्या पालकांनी जाब विचारला तो मात्र अचूक जागी, म्हणजे परीक्षा मंडळाला. गुण कोणी, केव्हा आणि कोणत्या सूत्राने बदलले, एवढेच त्यांना हवे होते.

छी लुश्या या संशोधिकेने २००५ मध्ये दाखवून दिले की परीक्षा रचणाऱ्यांचा हेतू भाषेच्या वापराला चालना देण्याचा असला, तरी शाळांनी प्रश्नांच्या साच्याचाच सराव केला. निवड करणारी परीक्षा अध्यापन सुधारण्याचे काम पेलू शकली नाही. हा निष्कर्ष निराश करणारा असला, तरी त्यात दोषी ओळखता येतात आणि साचा बदलता येतो. ग्वांगडाँगने २०११ पासून संगणकावर श्रवण-संभाषण चाचणी आणली आणि तिला १५० पैकी १५ गुण दिले. बीजिंगने २०२१ पासून त्याच बेरजेत श्रवण आणि संभाषणाला मिळून ५० गुण ठेवले. कानात श्रवणयंत्र, समोर पडदा, तोंडाशी मायक्रोफोन. बीजिंगची प्रश्नपत्रिका मात्र बीजिंगचीच मुले देतात.