अँटेना आपण लावू, पण टॉवरचा हक्क सोडणार नाही



रेंज ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा लागला नाही की धान्य अडतं. ई-केवायसी झाली नाही की किसान सन्मानचा हप्ता थांबतो. रोजगार हमीच्या कामावर मोबाईलच्या ॲपवर हजेरी घेणं १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सातबारा, सगळं ऑनलाइन. कायद्यानं दिलेला हक्क हातात पडायच्या आधी मध्ये एक मोबाईल टॉवर लागतो, आणि आपल्या खोऱ्यातल्या कित्येक वाड्यांना तोच दिसत नाही. मग एका अर्जासाठी आहुप्याहून घोडेगावला उतरायचं. मजुरीचा दिवस मोडतो, एसटीचं भाडं वेगळं.

यावर एक उपाय आपल्या हातातला आहे : बाहेरचा अँटेना. बैठकांत त्यावर दोन मतं पडतात. काही साथी म्हणतात, आपण आपल्या पैशानं सोय केली की सरकार हात झटकणार. दुसरे म्हणतात, टॉवर येईल तेव्हा येईल, पोरांचे फॉर्म आज भरायचेत. आमचं म्हणणं असं की दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही करायचं. अँटेना गावानं मिळून लावायचा आणि त्याच ग्रामसभेत टॉवरचा ठराव घ्यायचा.

आधी अँटेनाचं समजून घेऊ. टॉवरच्या लहरी साधारण सरळ रेषेत येतात. मध्ये डोंगराची सोंड आली, ओली झाडी आली, कौलांवर पत्रा आला की त्या कमजोर होतात. दुसरी अडचण उलट बाजूची. टॉवरचा आवाज मोठा आणि आपल्या फोनचा बारीक, त्यामुळे कधीकधी काड्या दिसतात पण फॉर्म काही वर चढत नाही. दूरदर्शनच्या काळात छपरावर मासळीच्या काट्यासारखा अँटेना असायचा, त्याच जातीचा हा. तो एका दिशेनं ऐकतो आणि त्याच दिशेनं बोलतो, म्हणून लांबचा टॉवर पकडतो.

हा अँटेना फोनला जोडता येत नाही. त्याला सिमकार्डवर चालणारा राउटर लागतो, आणि राउटरला अँटेनाची वायर लावायची जागा असावी लागते. घ्यायच्या आधी ते बघून घ्यावं. त्या राउटरचा वायफाय मग आसपासच्या फोनवर चालतो.

लावायच्या आधी चार दिवस मोजणी करा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’ उघडलं की बऱ्याच फोनवर सिग्नलचा उणे आकडा दिसतो. तो शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे ११५ म्हणजे जेमतेम. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, हे लक्षात ठेवा. शाळेचं छप्पर, समाजमंदिर, वाडीच्या वरचं घर, सगळीकडे प्रत्येक कंपनीच्या सिमवर आकडा लिहून काढा. जिथं आकडा बरा तिथं अँटेना. डिंभ्याच्या पाण्याच्या काठावर समोर अडथळा नसतो, तिथं लांबचा टॉवरही मिळू शकतो. पण वाडी अगदी घळीत असेल आणि छपरावरही काहीच येत नसेल, तर अँटेना काही रेंज जन्माला घालणार नाही. तिथं पैसे घालू नका.

खरेदी करताना फसगत होते ती वायरीत. पातळ वायर दहा मीटर ओढली तर अँटेनानं मिळवलेलं बरंचसं वायरीतच जिरतं. जाड वायर घ्या आणि तोकडी ठेवा. त्याहून बरं म्हणजे राउटरच वर, वळचणीखाली कोरड्या जागी बसवा आणि खाली फक्त विजेची वायर आणा. राउटरला दोन अँटेनांची जागा असेल तर दोन्ही लावा, एकमेकांना फुलीसारखे तिरपे. एकानंही चालतं, वेग कमी मिळतो. दिशा ठरवताना एकानं पाइप हळूहळू फिरवायचा, दुसऱ्यानं आकडा वाचायचा. आपल्याकडच्या पावसात सांध्यात पाणी शिरतं, म्हणून सांधे टेपनं घट्ट गुंडाळा आणि वायरीला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. पाइपाला जमिनीत अर्थिंग द्या. वळवाच्या विजा सुरू झाल्या की राउटरच्या वायरी काढून ठेवा.

दोन गोष्टी करू नका. बाजारात ‘बूस्टर’ म्हणून पेटी मिळते. ती टॉवरची लहर पकडून पुन्हा हवेत सोडते. परवान्याशिवाय ती बसवणं गुन्हा आहे, शिवाय तिच्या गोंगाटानं शेजारच्या वाडीची आहे ती रेंजही बिघडते. कोर्टाच्या तारखा आपल्याला आधीच कमी नाहीत. आणि अँटेनासाठी रानातल्या झाडाला खिळे मारू नका. घर, शाळा, समाजमंदिर पुरेसं आहे.

हे एका घराचं काम नव्हे. राउटर, अँटेना, वायर, पाइप हा खर्च एका घराला जड, तीस घरांना हलका. पेसा ग्रामपंचायतींना ५ टक्के अबंध निधी येतो, त्यात हे बसवता येईल का ते ग्रामसभेत विचारा. सिम कोणाच्या नावावर, रिचार्ज कोण भरणार, पासवर्ड कोणाकडे, हे वहीत लिहून ठेवा. बचत गटाच्या बायांकडे ही वही दिली तर हिशेब चोख राहील असं आम्हाला वाटतं.

आता अँटेनानं काय होत नाही ते. वायफाय छपराभोवती चालतो. आवणीच्या वावरात, हिरडा गोळा करायला गेलेल्या बाईजवळ, साप चावलेल्या माणसाजवळ तो पोहोचत नाही. साध्या फोनवर ओटीपीचा मेसेज वायफायवरून येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पावसाळ्याची. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही ही खबर बाहेर नेली ती एसटीच्या चालकानं. आता धोक्याचा इशारा टॉवरवरून थेट फोनवर वाजवायची व्यवस्था आहे, २०२३ मध्ये तिच्या देशभर चाचण्या झाल्या. तो इशारा टॉवरच्या रेंजमधल्या फोनवरच वाजतो. ज्या कड्याखालच्या वाडीला त्याची सर्वांत जास्त गरज, तिथंच तो मुका राहणार असेल तर त्याचा उपयोग काय?

म्हणून टॉवर हवाच. केंद्रीय मंत्रिमंडळानं २७ जुलै २०२२ ला २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले, काम बीएसएनएलकडे दिलं. इथं आपला खरा प्रश्न उभा राहतो : गाव म्हणजे काय? महसुली गावाच्या एका टोकाला रेंज आली आणि कागदावर गाव ‘झालं’ असं धरलं, तर तीन कोसांवरची वाडी कायमची सुटते. पण १९९६ चा पेसा कायदा सांगतो की आपल्या रीतीभातीनं कारभार चालवणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव. ग्रामसभेसाठी वाडी हे गाव असेल तर रेंजसाठीही ती गावच. मोजणी वाडीवार झाली पाहिजे.

“जंगल आहे, अभयारण्य आहे, परवानगी नाही” हे उत्तर मिळेल. तेव्हा वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पुढे ठेवा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता यांच्याबरोबर वीज आणि दूरसंचाराच्या तारा त्या यादीत आहेत. काम सरकारी असावं, जागा प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे त्या तारांचा प्रस्ताव आपल्या शिफारशीशिवाय पुढे जाऊ शकत नाही. टॉवरची जागाही ग्रामसभेला विचारूनच ठरली पाहिजे. धरणासाठी जमीन गेली, पाणी खालच्या तालुक्यांना गेलं, तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. टॉवरच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीनं तीन ओळींचा ठराव घ्यावा. एक, आमच्या वाडीत अमुक ठिकाणी अमुक आकडा रेंज आहे, मोजणी जोडली आहे. दोन, ४जीच्या यादीत आमची वाडी आहे की नाही ते लेखी कळवा. तीन, नसेल तर घ्या, आणि जागा ग्रामसभेला विचारूनच ठरवा. एक प्रत तहसीलदारांना, एक घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला, आणि दोन्हींवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

जिंदाबाद!