विश्लेषण : अमेरिकेतले युद्ध, करड्याचा बहिष्कार आणि सुप्याच्या बाजारात जळालेले कर्जरोखे

भीमेच्या अलीकडे शिरूर तालुक्यातले वडगाव रासाई, पलीकडे दौंड तालुका. या पट्ट्याचा इतिहास निघाला की नावे ठरलेली असतात. वढू बुद्रुकची छत्रपती संभाजी महाराजांची समाधी, १८१८ची कोरेगाव भीमाची लढाई, फार तर केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. यातल्या कशाचेही मोल कमी नाही. पण ज्या घटनेमुळे इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि कर्जाचा कायदा बदलावा लागला, तिची आठवण मात्र स्पर्धा परीक्षेच्या तयारीपुरतीच निघते. ती घटना कर्जाची आहे आणि तिची सुरुवात शिरूर तालुक्यातच झाली.

नेमके काय घडले?

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला काढले. गाव चिडले, पण पहिल्यांदा हात उगारला नाही. सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची शेते कसायची नाहीत. न्हावी, परीट, सुतार, लोहार यांनीही त्यांचे काम बंद केले. हे लोण आजूबाजूच्या गावांत गेले.

१२ मे १८७५ रोजी सुप्यात भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. बाजाराचा दिवस होता. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडे खातेवह्या आणि रोखे मागितले आणि हाती आले ते जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतली तीसहून अधिक गावे पेटली. तरी लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. कागद गेला की कर्ज गेले, हा त्यांचा हिशेब होता.

कागदावर इतका राग का?

१८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा आणला. कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. व्याज वर्षानुवर्षे साठू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात उलटेच झाले. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात जाऊ लागले. फेडलेल्या रकमेची पावती मिळेलच याची खात्री नाही. शेतकऱ्याला वाचता येत नाही आणि कोर्ट अंगठ्यापलीकडे पाहत नाही. रयतेच्या भल्याचा म्हणून आणलेला कायदा रयतेच्याच गळ्याला लागल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

अमेरिकेचा संबंध कुठे येतो?

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या फोर्ट सम्टरवर तोफा धडाडल्या आणि यादवी युद्ध सुरू झाले. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस तोवर अमेरिकेतून, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गुलामांच्या मेहनतीतून येत होता. तो आटला आणि मुंबईत भाव चढले. पैसा व्यापाऱ्यांकडून सावकाराकडे आणि सावकाराकडून दख्खनच्या शेतकऱ्याकडे वाहू लागला. कापसाच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळे. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला, भाव कोसळले. सावकाराने हात आखडता घेतला. नेमक्या त्याच सुमारास जमिनीची फेरपाहणी करून सरकारने सारा वाढवला, काही ठिकाणी तर तो दीडपट-दुप्पट झाला.

मात्र शिरूर-भीमथडीतली मुख्य पिके ज्वारी-बाजरीची. त्यामुळे कापसाला किती दोष द्यायचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सरकारी आयोगाने सगळे खापर सावकारांवर फोडले आणि वाढीव साऱ्याला जवळपास मोकळे सोडले. हे सरकारच्या सोयीचे होते.

पुढे काय झाले?

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागे खरे देणेघेणे काय आहे, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे थांबले. या कायद्याखाली न्यायदानाचे काम न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही केले. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आज गावोगावी दिसणाऱ्या विकास सोसायट्यांची पाळेमुळे याच वाटेवर सापडतात.

लढायांच्या जागा जपल्या जातात ते योग्यच आहे. पण ज्या गावाने तलवार न काढता, दुकानाची पायरी न चढून सावकाराला अडवले, त्या करड्याची गोष्ट शिरूर-दौंडच्या प्रत्येक शाळेत सांगितली जायला हवी. तिचा संबंध मुलांच्या घरातल्या कागदांशी येतो. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही किंवा कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत, हे प्रकार या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. सावकारीत गेलेली जमीन परत मागण्यासाठी २०१४च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्यांनी चौकशी करून व्यवहार सावकारीचाच होता असे ठरवले, तर खरेदीखत रद्द करून जमीन मूळ मालकाला देण्याचा आदेश ते काढू शकतात. रोख्यामागचे खरे देणेघेणे तपासण्याची १८७९ची तरतूद इथे पुन्हा भेटते. फरक एवढाच की अर्ज शेतकऱ्याला स्वतःहून करावा लागतो आणि त्यासाठी ही वाट आहे हे आधी माहीत असावे लागते.