नागिणीचा वेढा आणि ७२ तास

भारतातून आईवडील मुक्कामाला आले म्हणजे आम्हां एर्लांगेनच्या मराठी मंडळींच्या सामानात लोणच्याबरोबर जुन्या समजुतीही येतात. कमरेवर एका बाजूस फोडांचा पट्टा उठला, आग होऊ लागली, की नाव निघते नागिणीचे. मग गेरूचा लेप सुचतो, आणि वेढा पुरा झाला की माणूस दगावतो अशी कुजबुजही होते. विषाणू एकाच बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने येतो, त्यामुळे वेढा सहसा पुरा होतच नाही. खरे भय वेढ्याचे नव्हे, उशिराचे आहे.

कांजिण्यांचा हा विषाणू हर्पीस कुळातला. तो मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. जागा झाला की पेशीत आपल्या डीएनएवरून आरएनएचे निरोप काढतो. आधीच्या निरोपांतून नकला करणारी यंत्रणा उभी राहते; डीएनएच्या नकला झाल्या की शेवटचे निरोप निघतात आणि नव्या विषाणूंचे कवच घडते.

गर्ट्रूड एलियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलेले असायक्लोव्हिर मधली पायरी अडवते. ते डीएनएच्या घटकाचे सोंग घेते, विषाणूचेच एंझाइम त्याला जागे करते आणि नकलेची साखळी खुंटते. मग शेवटचे निरोप आटतात. मात्र आधी निघालेले निरोप औषध पुसत नाही, झोपलेल्या विषाणूला शिवत नाही. म्हणूनच पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू कराव्यात, असे डॉक्टर सांगतात. उशीर झाला तर फोड जातात, पण वेदना महिनोन् महिने राहू शकते.

आणखी एक. जर्मनीत याच जातीचे ब्रिव्हुडिनही देतात. कर्करोगावरील ५-फ्लुओरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिनबरोबर ते प्राणघातक ठरते. आईवडिलांची औषधे डॉक्टरांना अवश्य सांगावीत.

याच गावच्या विद्यापीठात १९७२ ते १९७७ या काळात हाराल्ड त्सुअर हाउझेन होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास हर्पीस कारण, असे तेव्हा अनेक शास्त्रज्ञ मानीत. त्यांनी शोधले, सापडले नाही, तेव्हा ती समजूत सोडून ते पॅपिलोमा विषाणूकडे वळले. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले.

शास्त्रज्ञ समजूत सोडतात, मग आपणच का कवटाळावी? रात्र वा रविवार असला तर ११६११७ हा क्रमांक फिरवावा. गेरूचे राहू द्यावे. आधी घड्याळ पाहावे.