वीज दुपारी स्वस्त, संध्याकाळी टंचाई. राखीव केंद्रांचा खर्च कोण उचलणार?

२०२३ च्या पावसाळ्याने कर्नाटकाला दगा दिला. जलविद्युत घटली, आणि उभी पिकं वाळू लागल्याने शेतीपंपांची मागणी मात्र वाढली. बेळगाव पट्ट्यासह राज्यभर ऑक्टोबरमध्ये पंपांची थ्री-फेज वीज पाच तासांवर आली. ओरड झाल्यावर सात तासांची घोषणा झाली. मधल्या काळात सरकारने वीज कायद्याचं कलम ११ काढलं आणि राज्यातल्या खासगी वीजनिर्मात्यांना वीज बाहेर विकू नका, असं बजावलं. पंजाब आणि उत्तर प्रदेशकडून उसनवारीवरही वीज आणली.

त्या टंचाईत कर्नाटकाचा आदेश समजण्यासारखा होता. पण प्रत्येक राज्याने अशीच दाराला कडी लावली, तर गोव्यासारख्या, स्वतःचं मोठं वीजकेंद्र नसलेल्या राज्याने कुठे जायचं?

मुळात अडचण विजेची नाही, वेळेची आहे. सौरऊर्जेमुळे दुपारी वीज एक्स्चेंजवर दर कोसळतात. सूर्य मावळला की तेच दर दहा रुपये युनिटच्या मर्यादेला भिडतात. ही मर्यादा २०२३ पासूनची. ग्राहकाला झळ बसू नये म्हणून घातलेली. पण वर्षातून मोजके तासच लागणारं केंद्र आपला वर्षभराचा खर्च त्या मोजक्या तासांत कसा काढणार? दहा रुपयांत तो निघत नाही. मग असं केंद्र कुणी उभारतच नाही.

मर्यादा खूप वर ठेवायची, हा टेक्सासचा मार्ग. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथे दर युनिटला ९ डॉलरवर गेला, तरी गोठलेली केंद्रं काही चालू झाली नाहीत. नंतर मर्यादा ५ डॉलरवर आणावी लागली. दुसरा मार्ग, केंद्राने नुसतं तयार राहण्याचे पैसे घ्यायचे. अमेरिकेच्या पूर्वेकडील पीजेएम बाजारात त्यासाठी लिलाव होतो. जुलै २०२४ च्या लिलावात तो भाव आधीच्या नऊपट झाला.

तयार राहण्याचे पैसे म्हटलं की मराठी माणसाला दाभोळ आठवतं. एन्रॉनच्या करारात वीज घ्या वा नका घेऊ, स्थिर आकार द्यावाच लागे. मंडळ त्यात पुरतं अडकलं. ती धास्ती खोटी नाही. मात्र तिथे चूक राखीव क्षमता ठेवण्यात नव्हती. स्पर्धेविना, डॉलरशी बांधलेल्या महागड्या दराने आणि गरजेचा हिशोब न करता ती घेतली गेली.

तो हिशोब आता सक्तीचा होतोय. केंद्राच्या जून २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वितरण कंपन्यांनी पुढच्या वर्षांची कमाल मागणी मोजून तेवढी क्षमता आधीच करारबद्ध करायची आहे, त्यातली ७५ ते ८० टक्के दीर्घ मुदतीने. उद्या एक्स्चेंजवर मिळेल ती घेऊ, हे यात धरलं जात नाही.

कागदावर हे चोख आहे. पण शेतीपंपांची आणि घरगुती मोफत विजेची थकलेली अनुदानं पोटात घेऊन चालणारी कंपनी, वर्षातले बहुतेक दिवस बंद राहणाऱ्या केंद्राशी किंवा बॅटरीशी करार करायला धजावेल का? केला, तरी तो खर्च राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे दरवाढ म्हणूनच येणार. तिथल्या सुनावणीला उद्योजकांच्या संघटना वकील घेऊन येतात. पाच तासांच्या विजेवर रात्री पाणी पाजणारा शेतकरी तिथे क्वचितच दिसतो.